बिटकॉइन घेतलं म्हणजे नजरेआड गेलात असं नाही: या चुका टाळा

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी 2017 मध्ये एकमताने सांगितलं. पण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांसाठी मोठ्या सवलती आहेत. त्यामुळे पैशाच्या बाबतीत कोणी मोकळीक शोधत असेल तर त्यात गैर काहीच नाही. गफलत होते ती साधन न समजून घेण्यात.

बिटकॉइनचा 2009 पासूनचा प्रत्येक व्यवहार सगळ्यांसमोर उघडा आहे. ज्या पत्त्यावर (खाते क्रमांकासारखी अक्षर-अंकांची ओळ) पैसे येतात-जातात, त्यावर नाव नसतं, इतकंच. एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचावर, पॅन देऊन केवायसी केलंत की नावही जोडलं जातं, आणि मार्च 2023 पासून ही एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आहेत. अमेरिकेत 2021 मध्ये कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीने हॅकरांना दिलेल्या खंडणीतले 63.7 बिटकॉइन एफबीआयने याच उघड नोंदींवरून माग काढून जप्त केले. म्हणून दर वेळी पैसे घेताना वॉलेटमधला (बिटकॉइन सांभाळणाऱ्या अ‍ॅपमधला) नवा पत्ता द्या. एकच पत्ता सगळ्यांना दिलात, तर त्यावर किती आलं, किती गेलं, ते कोणीही बघू शकतो.

केवायसी टाळायला टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाला यूएसडीटी (डॉलरशी किंमत जोडलेलं क्रिप्टो नाणं) विकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. समोरच्याने पाठवलेले पैसे सायबर फसवणुकीतले निघाले, की दुसऱ्याच राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं गोठतं. पगार, ईएमआय, सगळं अडकतं. अशा वेळी बँकेत भांडत बसू नका. तक्रार क्रमांक, पोलीस ठाणं आणि वादातली नेमकी रक्कम लेखी मागा. ऑर्डरचे तपशील, चॅट आणि यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा क्रमांक) तपास अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. पूर्ण खात्याऐवजी तेवढीच रक्कम रोखा, अशी विनंती करा. दाद लागली नाही, तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. चॅट मात्र कधीही डिलीट करू नका, तोच तुमचा पुरावा.

कर चुकवणं म्हणजे खासगीपणा नव्हे. क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि विक्रीवर 1 टक्का टीडीएस 2022 पासून लागू आहे. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

आणि सीड फ्रेजचा, म्हणजे वॉलेट परत उघडून देणाऱ्या गुप्त शब्दांचा, स्क्रीनशॉट काढू नका, तो गुपचूप क्लाउडवर जाऊ शकतो. ते 12 किंवा 24 शब्द कागदावर लिहा, थोडीच रक्कम ठेवून वॉलेट एकदा पुसा आणि शब्दांवरून परत उघडून बघा. ते उघडलं की मगच बाकीचे पैसे हलवा.