हार्पसिकॉर्डवर करिअर करायचंय? मग आधी साथ शिका

पियानो बऱ्यापैकी वाजतो, बाखचं वेड आहे आणि आता हार्पसिकॉर्ड (तार छेडून वाजणारं, पियानोआधीचं कीबोर्ड वाद्य), फोर्टेपियानो (पियानोचं सुरुवातीचं रूप) अशा जुन्या वाद्यांवरच पोट भरायचं ठरवलंय, तर सोलोचं जरा बाजूला ठेवा आणि फिगर्ड बास, म्हणजे आकडे दिलेल्या खालच्या स्वरांच्या (बासच्या) ओळीवरून साथ करणं, पक्कं करा, कारण सुरुवातीचं काम तिथेच मिळतं. बरोक, म्हणजे बाखच्या काळातला, ऑपेरा असो की कंताता (गायन आणि वाद्यांची रचना), कंटिन्युओवाला, म्हणजे अशी साथ करणारा, लागतोच. समोर फक्त बासची ओळ आणि तिला जोडून 6, 7, 4-3 असे आकडे, बाकी उजव्या हाताने काय वाजवायचं ते तिथल्या तिथे आपणच ठरवायचं. हार्पसिकॉर्डची की जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही, तार छेडली जाते ती तेवढीच, मग गायिका हळू गातेय तर दोनच स्वर ठेवायचे आणि कोरस आला की भरगच्च कॉर्ड, ती पण किती पसरवून वाजवायची हे बासच्या चालीवरून कळतं. बाखचा मुलगा सी.पी.ई. बाख याच्या कीबोर्ड वादनावरच्या ग्रंथाचा 1762चा दुसरा भाग साथीवरच आहे, तो वाचाच वाचा.

ट्यूनिंग स्वतःला यायलाच हवं. बरोकला बहुतेक ठिकाणी ए (ज्यावरून सगळे सूर मिळवतात तो स्वर) म्हणजे 415 हर्ट्झ, फ्रेंच संगीताला कधी 392, मोत्सार्टला साधारण 430. वालोटी ही जुनी ट्यूनिंगची पद्धत कानाने लावायला शिका: सहा पंचम किंचित उतरवायचे, उरलेले सहा शुद्ध. हॉल तापला की सूर हलतात, त्यामुळे इंटरव्हलमध्ये बाकीचे आराम करतात तेव्हा आपण किल्ली घेऊन वाद्यापाशी. जॅक (की दाबल्यावर वर उचलली जाणारी पट्टी) काढून त्यातलं तुटलेलं प्लेक्ट्रम (तार छेडणारं टोक) बदलणंही शिकून घ्या, नेमकं कॉन्सर्टच्या दिवशीच तुटतं.

घरी रियाजाला क्लॅव्हिकॉर्ड (आणखी एक जुनं, छोटं कीबोर्ड वाद्य) मिळाला तर सोनंच, आवाज अगदी बारीक पण की दाबून धरल्यावर जोर बदलला तर सूरही हलतो, बोटांची सगळी लबाडी ऐकू येते.

शिकायला बाझेलची स्कोला कांतोरुम (जुन्या संगीताची शाळा, 1933 पासून आहे), हेग, ॲमस्टरडॅमची संगीत विद्यालयं. शिक्षक बघून जागा निवडा, नाव बघून नको.

जमेल तेव्हा स्वतःचं वाद्य घ्या, कीबोर्ड सरकवून 415 आणि 440 (आजचा नेहमीचा ए) दोन्ही होणारं, म्हणजे वाद्याचं भाडं वेगळं लावता येतं. आणि काम घेताना आधीच विचारा: ट्यूनिंग कोण करणार, त्याला शांत हॉल किती वेळ मिळणार, त्याचे पैसे वेगळे का. हे लेखी घ्या.