पावसाळ्यापूर्वी गाडीच्या रंगाची निगा : या चुका टाळा

मे महिन्यात वळवाच्या दोन-चार सरी कोसळल्या की बेळगावात गाड्या धुण्याची घाई सुरू होते आणि रंगाचे बरेचसे नुकसान याच घाईत होते. जून ते सप्टेंबर असे चार महिने गाडी ओलीच राहते. खानापूर तालुक्यात किंवा जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटातून गोव्याला नेहमी जाणाऱ्यांची गाडी तर चाकापासून दारापर्यंत तांबड्या चिखलाने माखलेली असते. मात्र पावसाच्या पाण्यापेक्षा हा चिखल आणि तो पुसण्याची आपली पद्धत रंगाला अधिक बाधते.

वाळलेल्या चिखलावरून कोरडे फडके फिरवणे ही त्यातली सर्वांत महागात पडणारी चूक. जांभ्याच्या मातीत बारीक खर असते आणि रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला गॅरेजवाले क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच असतो. फडक्याखाली ती खर घासली गेली की काळ्या किंवा गडद रंगाच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसू लागतात. म्हणून आधी भरपूर पाणी मारून माती सुटू द्यावी, मग एका बादलीत गाडीच्या शाम्पूचे आणि दुसरीत साधे पाणी घेऊन, छतापासून खाली येत, मायक्रोफायबरचे कापड दर वेळी साध्या पाण्यात खळबळून धुवावे. चाकांचे कापड वेगळेच ठेवावे.

भांड्यांच्या साबणाने गाडी स्वच्छ निघते हे खरे, पण तेलकटपणाबरोबर आधी लावलेले वॅक्सही, म्हणजे रंगावरचे मेणाचे आवरण, तो उतरवतो. नवे वॅक्स लावण्यापूर्वी एकदा वापरला तर मी दोष देणार नाही. दर रविवारी वापरणे मात्र चुकीचेच. धुतल्यावर डिझेलचा हात मारून चकाकी आणण्याची पद्धत त्याहून वाईट, कारण त्या तेलकटपणावर धूळ बसते आणि काचेभोवतीचे रबर खराब होते.

बोअरवेलचे जड पाणी उन्हात अंगावरच वाळले तर क्षारांचे पांढरे डाग उरतात. गाडी सावलीत धुऊन लगेच टिपून घ्यावी. डाग पडलेच असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून हलक्या हाताने पुसावे आणि स्वच्छ पाण्याने धुवावे. सावलीसाठी गाडी आंब्याखाली किंवा जांभळाखाली लावणाऱ्यांनी मात्र जपावे. या दिवसांत वरून चिकटा गळतो, रात्री वटवाघळे येतात आणि विष्ठा उन्हात तापली की रंगावर कायमचा ठसा उमटतो. ती न खरवडता ओल्या कापडाने दोन मिनिटे भिजवून उचलावी.

वॅक्स लावण्यात चूक होते ती क्रमाची. धुतलेल्या बॉनेटवर, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून, बोटे फिरवून पाहा. रव्यासारखे कण लागले तर रंग अजून स्वच्छ झालेला नाही. असे कण आधी क्ले बारने, म्हणजे रंगावर चिकटलेले कण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, भरपूर ओलावा ठेवून काढावेत. पॉलिश आणि वॅक्स एकच समजू नये. पॉलिश थर घासून काढते, वॅक्स त्यावर आवरण चढवते, त्यामुळे दरवर्षी पॉलिश करण्याची गरज नसते. साधे वॅक्स दोन-तीन महिने टिकते, म्हणजे मेअखेरीस लावलेले श्रावणापर्यंत विरते. पाण्याचे थेंब गोल न राहता पसरू लागले की गणपतीपूर्वीच्या एखाद्या उघडिपीत दुसरा हात द्यावा.

ओल्या गाडीवर कव्हर घालू नये. आत वाफ कोंडते आणि वाऱ्याने कव्हर घासत राहते. खड्यांनी उडालेले टवके पाऊस सुरू होण्याआधीच त्याच रंगाच्या टच-अपने भरून घ्यावेत. रंगाचा कोड बहुधा गाडीवरच्या पट्टीवर असतो.

एका पावसाळ्यात माझ्या गाडीच्या मागच्या दाराची खालची कड फोडासारखी फुगली. बाहेरून वॅक्स चकचकीत होते. दाराच्या खालच्या कडेची पाणी निचरण्याची छिद्रे चिखलाने बुजली होती आणि आतून गंज चढला होता. आता मे महिन्यात मी काडी घेऊन खाली बसतो आणि चारही दारांची छिद्रे मोकळी करून, आतून पाणी सोडून ते खाली टपकते का ते पाहतो. काडी लाकडाची असावी. खिळ्याने तिथलाच रंग निघतो.