नवा झेला बनवलात? आधी अर्ज, मग बाकी सगळं

आंबे उतरवायचा झेला सगळ्यांच्या ओळखीचा आहे. लांब बांबू, टोकाला कडं, कड्याला जाळी आणि एका बाजूला पातं. देठ फळाच्या अगदी जवळ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि हापूसचा भाव खाली येतो. समजा, तुम्ही असा झेला बनवलात की त्यातला चिमटा आधी देठ धरतो आणि पातं त्याच्या वर चालतं. फळ दोन सेंटिमीटर देठासकट जाळीत उतरतं. पुढे काय करायचं? बहुतेक लोक व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात आणि तिथेच पेटंट गमावतात.

पेटंटची पहिली अट नावीन्याची. अर्जाच्या तारखेआधी ती गोष्ट लोकांपुढे आली असेल तर ती नवी राहत नाही, मग ती तुम्हीच दाखवलेली का असेना. यूट्यूब, इन्स्टाग्राम, कॉलेजचं प्रोजेक्ट प्रदर्शन, स्थानिक वर्तमानपत्रातली बातमी, ओळखीच्या बागायतदाराला विकलेले चार नग, सगळं यात मोजलं जातं. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे खरी, पण प्रदर्शनांपैकी ती फक्त केंद्र सरकारने राजपत्रात तशी अधिसूचित केलेल्यांनाच लागू होते. मोठ्या कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला म्हणून ती आपोआप मिळत नाही. बागेत चाचणी घ्यावीच लागणार असेल तर मालकाकडून आणि गड्यांकडून एका पानावर गोपनीयतेची सही घ्या, फोन बाजूला ठेवायला सांगा आणि झेला घरी परत आणा.

आपलीच आकृती रजिस्टर पोस्टाने स्वतःला पाठवून पाकीट बंद ठेवायचं, हा सल्ला अजूनही फिरतो. त्याने पेटंटचा कोणताही हक्क मिळत नाही. आपल्याकडे आधी अर्ज करणाऱ्याला मान आहे, आधी सुचलेल्याला नाही. कॉपीराइटचाही इथे उपयोग नाही. तो आकृतीच्या रेघांना मिळतो, यंत्राच्या कामाला नाही.

अर्जाआधी दोन-तीन संध्याकाळी, असं काही आधी कोणी केलंय का ते शोधण्यात घाला. गुगल पेटंट्स, युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट आणि भारतीय पेटंट कार्यालयाचं इनपास, जुनी पेटंट शोधायच्या या तिन्ही साइट फुकट आहेत. नुसत्या शब्दांनी शोधलं तर निम्मं निसटतं, म्हणून वर्गीकरणाचा आकडा वापरा. हाताने फळं काढायच्या साधनांचा वर्ग ए०१डी ४६/२४७ आहे. त्यात सफरचंद, अव्होकाडो, संत्र्यासाठी जगभरात बनलेल्या काठ्या सापडतील. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ही तुमच्या आधीचाच आहे. तुमची तुलना या सगळ्यांशी होणार. बाजारात दिसत नाही म्हणून नवं, असं पेटंट कार्यालयातले परीक्षक मानत नाहीत.

काही गोष्टी मुळातच पेटंटबाहेर आहेत. शेतीची पद्धत, बियाणं आणि वाण, पारंपरिक ज्ञान, नुसती धंद्याची कल्पना, नुसता सॉफ्टवेअर प्रोग्रॅम, आणि आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या जुन्या वस्तूंची जोडणी. झेल्याला टॉर्च बांधली तर ती जोडणीच. चिमटा बंद झाल्याशिवाय पातं चालतच नाही अशी रचना असेल तर मात्र भागांनी एकमेकांच्या मदतीने नवं काम साधलं, असं म्हणता येतं.

आता अर्ज. हातात चालणारं मॉडेल आहे पण सुधारणा बाकी आहेत, अशा वेळी प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखून ठेवणारा तात्पुरता अर्ज करा. फॉर्म १ म्हणजे अर्ज आणि फॉर्म २ म्हणजे वर्णन. सोबत फॉर्म ३ आणि पुढे पूर्ण वर्णनाबरोबर फॉर्म ५. व्यक्तीसाठी ऑनलाइन फी १,६०० रुपये, कागदी अर्जाला १,७५०. ३० पानं आणि १० दाव्यांपर्यंत (दावा म्हणजे नेमकं काय तुमचं, ते सांगणारं वाक्य) एवढ्यात भागतं. पुढे प्रत्येक जादा पानाला १६० आणि जादा दाव्याला ३२० रुपये. ऑनलाइन भरायला डिजिटल सिग्नेचर काढून घ्या. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. भाषा इंग्रजी किंवा हिंदी, मराठी चालत नाही. कागद ए-४, वर आणि डावीकडे किमान ४ सेंटिमीटर, खाली आणि उजवीकडे ३ सेंटिमीटर समास. सारांश १५० शब्दांच्या आत.

प्रोव्हिजनलमध्ये दावे लागत नाहीत, म्हणून लोक अर्ध्या पानात गुंडाळतात. ही सर्वांत महाग पडणारी काटकसर. त्या तारखेचा फायदा फक्त तेवढ्याच गोष्टींना मिळतो ज्या त्या कागदावर लिहिलेल्या होत्या. स्प्रिंगऐवजी रबर चालेल, दोरीऐवजी सायकलच्या ब्रेकची केबल चालेल, पातं सरळ किंवा कोयत्यासारखं वाकडं चालेल, हे सगळं पहिल्याच दिवशी लिहा. हाताने काढलेल्या पण नीट आकडे घातलेल्या तीन-चार आकृत्या जोडा.

तिथून १२ महिन्यांत पूर्ण वर्णन गेलंच पाहिजे. ही मुदत वाढत नाही. चुकली तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. हौशी संशोधकाचं खरं भांडवल हे बारा महिनेच. याच काळात मॉडेल सुधारायचं, बागायतदारांना दाखवायचं, कारखानदार गाठायचे आणि पुढे खर्च करण्याजोगी गोष्ट आहे का ते ठरवायचं. बाराव्या महिन्यात कोणीच दाद देत नसेल आणि तुम्हीही ती कुठे उघड केलेली नसेल, तर अर्ज जाऊ द्या. अशा अर्जातला मजकूर प्रसिद्ध होत नाही, पुन्हा नवी तारीख घेऊन अर्ज करता येतो. उघड केली असेल तर तो रस्ता बंद.

पूर्ण वर्णनातला जीव दाव्यांमध्ये असतो. कोर्टात भांडण होतं ते वर्णनावर नाही, दाव्याच्या एकेका शब्दावर. वाईट दावा असा: ‘१२ मिलिमीटर व्यासाची स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग असलेला चिमटा.’ शेजारचा फॅब्रिकेटर रबराची पट्टी लावेल आणि तुमच्या दाव्याबाहेर पडेल. बरा दावा असा: ‘दांडा, दांड्याच्या टोकाचं कडं, कड्याखालची जाळी आणि कापणारं पातं असलेलं फळ उतरवण्याचं साधन, ज्याचं वैशिष्ट्य असं की पात्याखाली ठरावीक अंतरावर देठ पकडणारा चिमटा आहे आणि तो बंद झाल्यावरच पातं हलतं.’ पहिला अर्धा भाग सगळ्यांना माहीत असलेला, ‘वैशिष्ट्य असं की’ नंतरचं तुमचं. त्याखाली अरुंद दावे रचा: चिमटा स्प्रिंगने बंद होतो, अंतर १५ ते ३० मिलिमीटर, दांडा दुमडता येतो. वरचा दावा पडला तर खालचा तगतो. बाकी कागद स्वतः भरले तरी चालतील, पण दाव्यांपुरता पेटंट एजंटला पैसा द्यावा. सरकारी फीच्या कितीतरी पट लागतो, तरीही. लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी असेल तर केंद्राच्या एमएसएमई इनोव्हेटिव्ह योजनेत मंजूर झालेल्या भारतीय पेटंटसाठी १ लाख रुपयांपर्यंत परतावा आहे. खेड्यातल्या, औपचारिक शिक्षण नसलेल्या संशोधकांनी गांधीनगरच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनकडे जावं. ते अर्जाचा खर्चही उचलतात.

पहिल्या अर्जाच्या तारखेपासून १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. लवकर हवा असेल तर फॉर्म ९ आणि २,५०० रुपये. प्रसिद्धी म्हणजे मंजुरी नाही. ‘पेटंट पब्लिश झालं’ म्हणून पेढे वाटणाऱ्यांच्या कागदाकडे अजून परीक्षकाने पाहिलेलंही नसतं. परीक्षणाची मागणी फॉर्म १८ ने, ४,००० रुपये भरून, त्याच तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत करायची. ती आपोआप होत नाही आणि विसरलात तर अर्ज संपला. परीक्षण अहवालात आक्षेप येणारच, घाबरायचं कारण नाही. उत्तराला ६ महिने असतात. जलद परीक्षणाचा फॉर्म १८ए ८,००० रुपयांचा. तो एकट्या पुरुष अर्जदाराला सहसा मिळत नाही, पण अर्जदारांत एक महिला असली तर मिळतो. मात्र तेवढ्यासाठी दुसऱ्या कोणाचं नाव घालताना कलम ५० वाचा. सहमालक स्वतः वस्तू बनवून विकू शकतो आणि दुसऱ्याला हिशोब देणं लागत नाही, पण परवाना द्यायला सगळ्यांची संमती लागते. भागीदाराशी बिनसलं की पेटंटचा सौदा तिथेच अडकतो.

नावीन्य फक्त आकारात, दिसण्यात असेल तर डिझाइन नोंदणी पुरते: व्यक्तीला १,००० रुपये, संरक्षण १० अधिक ५ वर्षं. पण तिथेही आधी दाखवलेलं चालत नाही.

विक्रीकडे वळू. कारखानदार बहुधा गोपनीयता करारावर सही करत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर असतं: त्यांच्याकडे असल्याच कल्पनेवर काम चालू असू शकतं. म्हणून अर्ज आधी, भेट नंतर. भेटीत काय साधतं ते दाखवा: किती फळं देठासकट उतरली, एका गड्याने तासाला किती पेट्या भरल्या, बनवायला किती खर्च आला. दाव्यांचा मसुदा देऊ नका. कल्पना कोणी विकत घेत नाही. चालणारा नमुना, खर्चाचा तक्ता आणि अर्जाचा क्रमांक घेतात.

सौदे दोन प्रकारचे. असाइनमेंटमध्ये मालकी जाते, एकरकमी पैसा येतो. परवान्यात मालकी तुमची, रॉयल्टी म्हणजे विक्रीतला ठरलेला टक्का येत राहतो. हिशोब करून पाहा: झेला दुकानात ९०० ला, कारखान्यातून ५०० ला निघतो. ४ टक्के म्हणजे नगाला २० रुपये. वर्षाला ५,००० नग गेले तर १ लाख. यापेक्षा मोठी स्वप्नं पाहायची तर आधी नगांचा आकडा कुठून येणार ते सांगता आलं पाहिजे. टक्का कशावर, हे करारात स्पष्ट हवं: जीएसटी वगळून, डीलरला दिलेल्या सवलतीआधीच्या बिलावर. ‘नफ्यावर’ असं कधीच लिहू नका, नफा शून्य दाखवणं सोपं असतं. एकट्यालाच परवाना द्यायचा असेल तर वर्षाची किमान रॉयल्टी आणि ‘१८ महिन्यांत उत्पादन सुरू झालं नाही तर परवाना परत’ ही ओळ घाला. नाहीतर माल बाजारात येऊ नये म्हणूनही कोणी हक्क घेऊन कपाटात ठेवतो. हिशोबाच्या वह्या पाहण्याचा हक्क, पुढच्या सुधारणा कोणाच्या, खटल्याचा खर्च कोणाचा, हेही लिहा. करार लेखीच हवा आणि फॉर्म १६ ने पेटंट कार्यालयात नोंदवा. नोकरीत असाल तर त्याआधी नेमणुकीचं पत्र काढून वाचा. कंपनीच्या कामातलं संशोधन कंपनीचं, असं कलम त्यात बहुधा असतं.

परदेशात अर्ज करायचा तर भारतातल्या तारखेपासून १२ महिन्यांत. जगभर चालणारं एकच पेटंट अस्तित्वात नाही, ते विकणारा फसवतोय. भारतात राहणाऱ्याने इथे अर्ज करून ६ आठवडे थांबल्याशिवाय किंवा फॉर्म २५ ची परवानगी घेतल्याशिवाय बाहेर अर्ज करणं हा गुन्हा आहे.

मंजुरीआधी मालावर ‘पेटंटेड’ छापू नका, खोट्या दाव्याला १० लाखांपर्यंत दंड आहे. ‘पेटंट अर्ज दाखल’ चालतं. मंजुरीनंतर नुसता शब्द न छापता क्रमांकही छापा, नाहीतर नकल करणारा ‘माहीत नव्हतं’ म्हणून भरपाईतून सुटू शकतो. पेटंटच्या चोरीची पोलिसात तक्रार होत नाही. जिल्हा किंवा त्यावरच्या न्यायालयात दिवाणी दावाच करावा लागतो, आणि तो मंजुरीनंतरच.

पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं, तिसऱ्या वर्षापासूनची फी भरत राहिलात तर. व्यक्तीला सहाव्या वर्षापर्यंत दरसाल ८००, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि पुढे ८,०००. चुकली तर जादा फी भरून ६ महिने मिळतात. तेही गेले तर पेटंट बंद पडल्यापासून १८ महिन्यांत पुनर्स्थापनेचा अर्ज, आणि त्यात चूक जाणूनबुजून नव्हती हे दाखवावं लागतं. परवाना दिला असेल तर ही फी कोणी भरायची ते करारात लिहा, आणि पावती दरवर्षी मागून घ्या.