काकुनी करताना या चुका टाळा

पोर्क बेलीचे, म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या चरबीदार मांसाचे, मोठे चौकोनी तुकडे साके (तांदळाचं जपानी मद्य), मिरिन (स्वयंपाकातलं गोडसर तांदळाचं मद्य), साखर आणि सोया सॉसमध्ये मंद आचेवर शिजवले की जपानी काकुनी होते. चीनच्या हांगझोऊमधलं दोंगपो पोर्क ही तिची थोरली बहीण. जपानात ती रुजली नागासाकीत, तिथल्या शिप्पोकु नावाच्या, चिनी वळणाच्या मेजवानीतून. नीट जमलेल्या काकुनीला सुरी लागत नाही, चॉपस्टिकनं दाबलं की तुकडा सुटतो. घरी मात्र अनेकदा बाहेरून काळा आणि आतून वातड असा तुकडा ताटात येतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: घाई.

सोया सॉस पहिल्यापासून घालणं

मांस कच्चं असतानाच सगळं पातेल्यात ओतू नका. पोर्क बेलीतल्या कोलॅजन या चिवट प्रथिनाचं मऊ जिलेटिन व्हायला मंद आचेवर दीड-दोन तास लागतात. तेवढ्या वेळात सोया सॉस आटून खारट होतो, साखर तळाला लागते आणि मांस मऊ होण्याआधीच गॅस बंद करावा लागतो. म्हणून आधी मऊपणा, मग चव.

तुकडे तव्यावर सगळ्या बाजूंनी परतून घ्या, सुटलेली चरबी काढून टाका. मग आल्याच्या चकत्या आणि पातीच्या कांद्याची हिरवी पात घालून साध्या पाण्यात शिजवा. जपानी घरांत यासाठी तांदळाचं धुवणही वापरतात. मांसाचा उग्र वास त्यानं कमी होतो. त्या दिवशी भाताचं धुवण फेकू नका. धुवणात शिजवलं असेल तर नंतर तुकडे कोमट पाण्यात हलक्या हातानं धुऊन घ्या.

बांबूची काडी आरपार सहज गेली की दुसरा टप्पा. 600 ग्रॅम मांसाला 400 मिली पाणी, 100 मिली साके, 3 मोठे चमचे साखर आणि तेवढंच मिरिन. 15-20 मिनिटांनी 4 मोठे चमचे सोया सॉस, तोही दोनदा विभागून. मग आणखी अर्धा तास.

आच मोठी ठेवणं

रटरटा उकळलं की लाल भागाचा चोथा होतो आणि थर सुटतात. पाण्यावर अधूनमधून एखादा बुडबुडा आला, एवढीच आच हवी. पातेल्यापेक्षा लहान, थेट मांसावर टेकणारं झाकण जपानात वापरतात, त्याला ओतोशिबुता म्हणतात. बटर पेपर गोल कापून मधे भोक पाडलं तरी काम होतं. प्रेशर कुकर चालतो, पण फक्त पहिल्या टप्प्याला.

तुकडे लहान कापणं

शिजताना मांस बरंच आक्रसतं. कच्चा तुकडा निदान 5 सेंटिमीटरचा हवा.

लगेच वाढणं

घाई इथेच सगळ्यात महाग पडते. रस तुकड्यात मुरतो तो थंड होताना. गॅस बंद केल्यावर पातेलं निवू द्या आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा पांढरा थर गोठलेला असेल, तो चमच्यानं अख्खा उचलता येतो. तवंग नाहीसा झाल्यामुळे काकुनी खाताना जड वाटत नाही. चरबी टाकून देऊ नका, परतलेल्या भाताला तिची चव फार छान येते. उकडलेली अंडी घालायची असतील तर ती याच निवणाऱ्या रसात घाला; उकळत्या रसात ती रबरासारखी होतात.

बदली जिन्नस

चायनीज डार्क सोया सॉसनं रंग काळाकुट्ट येतो आणि चव बदलते, त्यामुळे जपानी सोया सॉसच आणा. मिरिन नसेल तर साके आणि थोडी जास्त साखर चालते. स्वयंपाकासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साकेत बहुधा मीठ घातलेलं असतं. बाटलीवर वाचून घ्या आणि तसं असेल तर सोया सॉस एक चमचा कमी करा.

तरीही रस खारट झालाच, तर जाड कापलेला मुळा वेगळा उकडून त्यात सोडा आणि थोडं गरम पाणी घाला. वाढताना बाजूला जपानी मोहरी, काराशी, हवीच.