दोन प्रतिमांची वजाबाकी: दीर्घिकेतला नवा तारा हाताने कसा वेगळा काढायचा

19 मे 2023 रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी एम101 दीर्घिकेत एक सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन अचानक उजळलेला तारा, नोंदवला. त्याचं नाव एसएन 2023आयएक्सएफ. तेव्हा त्याची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) 14.9 होती, पुढच्या काही दिवसांत तो 11व्या प्रतीच्या आसपास गेला. पुण्याच्या अक्षांशावरून एम101 उत्तरेकडे सुमारे 54 अंश उंचीपर्यंत चढते, त्यामुळे मे महिन्याच्या संध्याकाळी लहान दुर्बिणीतूनही त्याचे फोटो घेता आले.

हे उदाहरण मुद्दाम निवडलं आहे. एम101च्या बाहूंमध्ये ताऱ्यासारखे दिसणारे असंख्य तेजस्वी ठिपके आहेत, आणि हा सुपरनोव्हा एनजीसी 5461 या मोठ्या वायुमेघाच्या शेजारीच उगवला. अशा गर्दीत नुसत्या डोळ्यांनी तुलना करताना फसायला होतं. जुनी प्रतिमा नव्या प्रतिमेतून वजा केली की दीर्घिका पुसली जाते आणि नवं तेवढं उरतं. मोठ्या सर्वेक्षणांमध्ये हे काम आपोआप होतं. पण चित्रात तारे मोजकेच असतील किंवा दीर्घिकेने अर्धी चौकट व्यापली असेल, तर आपोआप जुळवणी करणाऱ्या प्रोग्रामची गल्लत होते. तो ताऱ्यांऐवजी दीर्घिकेचा धूसर उजेड किंवा आकाशाचा उतार जुळवू पाहतो. म्हणून हाताने जुळवणी यायलाच हवी.

इथल्या सगळ्या पायऱ्या इमेज-जे किंवा फिजी या प्रतिमा-प्रक्रियेच्या प्रोग्राममध्ये करता येतात. दोन्ही मोफत आहेत आणि फिट्स (खगोलीय प्रतिमा साठवण्याच्या प्रकारातली) फाइल थेट उघडतात.

कोणती प्रतिमा कशातून वजा करायची

नवी प्रतिमा म्हणजे तुमची. बायस, डार्क आणि फ्लॅट (कॅमेऱ्याचे आणि दुर्बिणीचे दोष काढणाऱ्या फ्रेम) लावून झालेली, निदान दहा-वीस फ्रेम एकत्र केलेली, आणि ताणलेली (अंधुक भाग दिसावेत म्हणून आकडे बदललेली) नाही अशी. जेपेग चालणार नाही. ताणलेल्या प्रतिमेत पिक्सेलचा आकडा प्रकाशाच्या प्रमाणात राहत नाही, मग वजाबाकीला अर्थच उरत नाही. रंगीत कॅमेरा असेल तर फक्त हिरवा चॅनेल वेगळा काढून वापरा.

संदर्भ प्रतिमा म्हणजे वजा करायची जुनी प्रतिमा. ती मे 2023 पूर्वीची हवी. त्याच दुर्बिणीने, त्याच फिल्टरमधून घेतलेली स्वतःची जुनी प्रतिमा असेल तर तिच्याइतकी चांगली दुसरी नाही. नसेल तर स्लोन सर्वेक्षणाची (पिक्सेलला 0.396 विकला; विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) किंवा पॅन-स्टार्सची (0.25 विकला) प्रतिमा घ्या. जुन्या डिजिटाइझ्ड स्काय सर्व्हेच्या प्रतिमा फोटोग्राफिक काचांवरून आलेल्या आहेत. काचेचा काळेपणा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, म्हणून त्या डोळ्यांनी पडताळायला ठीक, वजाबाकीला नकोत.

फिल्टरबद्दल इथे विशेष काळजी घ्या. एनजीसी 5461 हा हायड्रोजनच्या लाल रेषेत झळकणारा मेघ आहे. नवी प्रतिमा हिरव्यात आणि संदर्भ लाल फिल्टरमध्ये असेल तर तारे बरोबर वजा होतील, पण मेघ काळा खड्डा होऊन उरेल. उलट असेल तर पांढरा ठिपका उरेल, आणि तो सुपरनोव्हाच्या अगदी शेजारी असेल. पुढे कितीही नेमकी जुळवणी केली तरी ही चूक निघत नाही.

तयारी

दोन्ही फाइल उघडा आणि इमेज > टाइप > 32-बिट करा. 16-बिटमध्ये ऋण आकडे मावत नाहीत. जिथे संदर्भ जास्त तेजस्वी आहे तिथे सरळ शून्य येतं आणि अर्धी माहिती जाते. चित्र दिसण्यासाठी ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या पट्ट्या हव्या तशा सरकवा, पण तिथलं 'अप्लाय' बटण दाबू नका. अॅनलाइझ > सेट स्केलमध्ये जाऊन मोजपट्टी काढून टाका, म्हणजे सगळी मापं पिक्सेलमध्येच येतील.

आता आकाशाचा उजेड काढा. दीर्घिकेपासून दूर, तारे नसलेल्या चार-पाच जागी 50 × 50 पिक्सेलचे चौकोन घेऊन प्रत्येकाचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) मोजा. ते मध्यक एकमेकांच्या जवळ असतील तर त्यांचा मध्यक प्रोसेस > मॅथ > सबट्रॅक्टने वजा करा. एका बाजूला चढत गेले असतील तर आकाशात उतार आहे, बहुधा शहराचा उजेड किंवा चंद्र. तो आधी काढा. रोलिंग बॉलसारखा पार्श्वभूमी काढणारा फिल्टर इथे वापरू नका, तो दीर्घिकेचे बाहूही खाऊन टाकतो.

मग दिशा पाहा. दोन्ही प्रतिमांत तेच तीन तारे शोधा आणि त्यांचा क्रम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आहे की उलट, ते बघा. क्रम उलटा असेल तर एक प्रतिमा आरशातली आहे. कितीही फिरवली तरी ती जुळणार नाही, फ्लिप करावीच लागेल. जर्मन माउंटने (दुर्बिणीच्या एका प्रकारच्या बैठकीने) मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडताना दुर्बीण उलटली असेल तर प्रतिमा 180 अंश फिरलेली असते. तेव्हा आडवा आणि उभा, असे दोन्ही फ्लिप करा. फ्लिपमध्ये पिक्सेलची फक्त जागा बदलते, आकडे जसेच्या तसे राहतात.

केंद्र मोजणं

सगळी जुळवणी ताऱ्यांच्या केंद्रांवर उभी असते, आणि जास्तीत जास्त चुका इथेच होतात.

सात-आठ तारे निवडा. ते चौकटभर पसरलेले, एकटे, आणि संतृप्त (पिक्सेलची कमाल मर्यादा गाठलेले) न झालेले हवेत. 16-बिट कॅमेऱ्यात शिखर साधारण 40,000च्या आत असलेले तारे घ्या. प्रत्येक ताऱ्याभोवती शिफ्ट दाबून ओव्हल टूलने वर्तुळ काढा. त्याची त्रिज्या ताऱ्याच्या अर्धउंचीवरच्या रुंदीच्या (तेज शिखराच्या निम्मं असतं तिथल्या रुंदीच्या) दीडपट ते दुप्पट ठेवा. सेट मेजरमेंट्समध्ये 'सेंटर ऑफ मास' निवडा. 'सेंट्रॉइड' निवडू नका. इमेज-जेमध्ये सेंट्रॉइड म्हणजे तुम्ही काढलेल्या वर्तुळाचा भौमितिक मध्य, ताऱ्याशी त्याचा संबंध नाही. सेंटर ऑफ मास मात्र प्रत्येक पिक्सेलच्या तेजाचं वजन धरून काढलेलं केंद्र देतं.

आकाश आधी वजा करायला सांगितलं त्याचं कारण इथे कळतं. वर्तुळात आकाशाचा उजेड उरला असेल तर तो केंद्राला वर्तुळाच्या मध्याकडे ओढतो. वर्तुळातला आकाशाचा एकूण उजेड ताऱ्याइतकाच असेल आणि वर्तुळ 0.6 पिक्सेल सरकून बसलं असेल, तर केंद्र 0.3 पिक्सेलने चुकतं. म्हणून एकदा मोजा, मिळालेल्या केंद्रावर वर्तुळ सरकवा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे 0.05 पिक्सेलच्या आत आले की तो तारा झाला.

प्रमाण, कोन, सरक

कोणती प्रतिमा हलवायची? संदर्भ. प्रतिमा फिरवली किंवा अपूर्णांकाने सरकवली की नवे पिक्सेल जुन्यांच्या मिश्रणातून बनतात, नॉइज पसरतो आणि तारे किंचित जाड होतात. ज्या प्रतिमेवर सुपरनोव्हाचं तेज मोजायचं आहे तिला हात न लावलेला बरा. शिवाय सर्वेक्षणाची प्रतिमा सहसा जास्त खोल आणि जास्त धारदार असते, तिला हे सोसतं.

पिक्सेलला किती विकला, याचं सूत्र म्हणजे 206.265 × पिक्सेलचा आकार (मायक्रॉनमध्ये) ÷ नाभीय अंतर (मिलिमीटरमध्ये). 3.76 मायक्रॉनचा कॅमेरा आणि 1000 मिमीची दुर्बीण असेल तर 0.776 विकला येतात. म्हणजे स्लोनची प्रतिमा सुमारे 0.51 पट लहान करावी लागेल. पण हा आकडा फक्त अंदाजाला धरा. नळीवर लिहिलेलं नाभीय अंतर एका टक्क्याने जरी चुकलं तरी केंद्रापासून 1500 पिक्सेलवर 15 पिक्सेलची चूक पडते. खरं प्रमाण ताऱ्यांवरून काढा. दोन दूरच्या ताऱ्यांमधलं नव्या प्रतिमेतलं अंतर भागिले संदर्भातलं अंतर. अशा तीन-चार जोड्या घ्या आणि त्यांचा मध्यक वापरा. लहान करताना स्केलच्या खिडकीतला सरासरीचा पर्याय चालू ठेवा.

कोनही त्याच जोड्यांवरून निघतो. जोडी जितकी दूर तितका कोन अचूक. 300 पिक्सेल दूर असलेल्या ताऱ्यांत 0.1 पिक्सेलची चूक झाली, तर केंद्रापासून 1500 पिक्सेलवर ती अर्ध्या पिक्सेलची होते. लाइन टूलने कोन मोजत असाल तर चिन्हाकडे लक्ष द्या. लाइन टूल घड्याळाच्या उलट दिशेला धन धरतं, तर रोटेट आज्ञा घड्याळाच्या दिशेला. म्हणून संदर्भ फिरवण्याचा कोन म्हणजे संदर्भातला कोन वजा नव्यातला कोन. फिरवताना इंटरपोलेशन (शेजारच्या पिक्सेलवरून नवे आकडे काढण्याची पद्धत) बायक्युबिक निवडा.

फिरवणं प्रतिमेच्या मध्याभोवती होतं, त्यामुळे त्याआधी मोजलेली सरक निरुपयोगी ठरते. केंद्रं पुन्हा मोजा. समजा पाच ताऱ्यांसाठी आडवा फरक (नवी वजा संदर्भ) 3.42, 3.38, 3.45, 3.40 आणि 4.10 आला. पाचवा तारा बहुधा जोडतारा किंवा लहानशी दीर्घिका आहे. सरासरी घेतली तर तो ती 3.55 पर्यंत ओढतो. मध्यक 3.42 येतो, तोच घ्या. इमेज > ट्रान्सफॉर्म > ट्रान्सलेटमध्ये तो आकडा भरा. इंटरपोलेशन 'नन' राहिलं तर अपूर्णांक गळून पडतो आणि 3.42 ऐवजी पूर्ण 3 पिक्सेलच सरकतात, म्हणून इथेही बायक्युबिक हवं. उभ्या फरकाचं धन चिन्ह म्हणजे खाली, कारण इमेज-जेचा शून्यबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो.

प्रमाण, कोन आणि सरक अशी तीनदा प्रतिमा बदलली की ती तीनदा मऊ होते. हे टाळायचं असेल तर फिजीत प्लगइन्स > ट्रान्सफॉर्म > लँडमार्क करस्पॉन्डन्सेस आहे. दोन्ही प्रतिमांत मल्टी-पॉइंट टूलने तेच तारे त्याच क्रमाने टिपा, 'सिमिलॅरिटी' निवडा, आणि तिन्ही गोष्टी एकाच फटक्यात होतात. क्रम चुकला तर प्रतिमा भलतीकडेच फिरते, ते लगेच दिसतं.

पडताळणीसाठी दोन्ही प्रतिमांचा स्टॅक करा आणि बाणाच्या कळांनी पुढे-मागे करा. तारे जागच्या जागी स्थिर राहिले पाहिजेत. कोपरे नक्की बघा. मधले तारे स्थिर आणि कोपऱ्यातले उडताना दिसले तर कोन किंवा प्रमाण चुकलं आहे.

धार आणि तेज जुळवणं

त्या रात्रीची हवा वेगळी, म्हणून ताऱ्यांची जाडीही वेगळी. ताऱ्यावरून रेषा ओढून प्लॉट प्रोफाइलवर अर्धउंचीची रुंदी मोजा. समजा नव्यात ती 3.9 पिक्सेल आणि जुळवलेल्या संदर्भात 1.7 आहे. धारदार प्रतिमा जाड्या प्रतिमेइतकी मऊ करायची, उलट नाही. 3.9च्या वर्गातून 1.7चा वर्ग वजा करा आणि वर्गमूळ काढा, 3.51 येतं. त्याला 2.355 ने भागा, 1.49 येतं. हाच गॉशियन ब्लर या मऊ करणाऱ्या फिल्टरचा सिग्मा. तिथे रुंदी भरू नका, खिडकी सिग्माच मागते.

हे फक्त गोल ताऱ्यांना पुरतं. माग काढताना तारे लांबट झाले असतील तर साधा गॉशियन कमी पडतो. अलार्ड आणि लप्टन यांनी 1998 मध्ये मांडलेली पद्धत मऊ करण्याचा साचाच ताऱ्यांवरून शोधून काढते. आजची अनेक स्वयंचलित साधनं तिच्यावरच उभी आहेत.

आता तेज. प्रत्येक ताऱ्याभोवती त्याच आकाराचं वर्तुळ ठेवून दोन्ही प्रतिमांत एकूण तेज मोजा. नवी भागिले संदर्भ, असे गुणोत्तरांचे आकडे लिहा, मध्यक घ्या आणि संदर्भ त्याने गुणा. नंतर प्रोसेस > इमेज कॅल्क्युलेटर उघडा, नवी वजा संदर्भ घ्या आणि 32-बिट निकालाचा पर्याय चालू ठेवा. दोन्ही कॅनव्हास सारख्याच आकाराचे असू द्या.

बाकी कशी वाचायची

पहिल्या खेपेला बाकी स्वच्छ येत नाही. पण ती बोलते, आणि कुठली पायरी चुकली ते सांगते.

प्रत्येक ताऱ्याजागी एकमेकांना चिकटलेली काळी-पांढरी जोडी दिसली आणि सगळ्या जोड्या एकाच दिशेला असल्या, तर सरक चुकली. पांढऱ्या बाजूला संदर्भ आणखी सरकवा. जोड्यांची दिशा चौकटीभोवती गोल फिरत असेल तर कोन चुकला. मध्यापासून बाहेर किरणांसारखी पसरत असेल तर प्रमाण. मध्य पांढरा आणि भोवती काळं कडं, किंवा याच्या उलट, असेल तर धार जुळलेली नाही. पांढरा मध्य म्हणजे संदर्भ जास्त मऊ झाला. सगळे तारे नुसतेच पांढरे किंवा नुसतेच काळे उरले तर गुणोत्तर चुकलं. लाल तारे एका रंगाने आणि निळे दुसऱ्या रंगाने उरले तर फिल्टर वेगळे आहेत.

किती चूक चालेल, याचाही हिशेब आहे. जोडीची उंची ताऱ्याच्या शिखराच्या सुमारे 0.607 × सरक ÷ सिग्मा इतकी असते; इथे सिग्मा म्हणजे ताऱ्याची रुंदी ÷ 2.355. 3.9 पिक्सेल रुंदीच्या ताऱ्यात 0.1 पिक्सेलची चूक म्हणजे 3.7 टक्के. 20,000 शिखराच्या ताऱ्याजागी त्यामुळे सुमारे ±730 उरतात. म्हणून तेजस्वी ताऱ्यांच्या जागी काही ना काही उरणारच, त्यामागे धावू नका. संतृप्त तारे झाकून टाका. कडेला आलेली शून्याची पट्टीही कापा.

नवा ठिपका खरा आहे का, हे ठरवताना आधी रिकाम्या जागेचं प्रमाण विचलन (आकडे किती विखुरले आहेत त्याचं माप) मोजा. ठिपक्याचं शिखर त्याच्या पाचपटीहून जास्त हवं. त्याची रुंदी बाकीच्या ताऱ्यांइतकीच हवी. एक-दोन पिक्सेलचा टोकदार ठिपका म्हणजे हॉट पिक्सेल किंवा वैश्विक किरण, आणि बायक्युबिकमुळे त्याच्याभोवती काळी किनारही येते. फ्रेमचे दोन गट करून वेगवेगळे एकत्र करा, खरा तारा दोन्हींत त्याच जागी सापडतो. लघुग्रह असेल तर तासाभरात सरकलेला दिसेल. एम101 क्रांतिवृत्तापासून (सूर्याच्या आकाशातल्या वाटेपासून, जिच्या आसपास बहुतेक लघुग्रह दिसतात) बरीच दूर असल्याने तिथे ही शक्यता कमी, पण कन्या राशीतल्या दीर्घिकांवर काम करताना लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीत तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एवढं करूनही ठिपका टिकला, तर नव्या सुपरनोव्हांची नोंद होते त्या ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर त्या जागी आधीची नोंद आहे का ते पाहा. नसेल तर पुढच्या निरभ्र रात्री तीच चौकट पुन्हा घ्या आणि त्याच संदर्भातून पुन्हा वजाबाकी करा.