हरणाच्या पोटात हात घालण्याआधी

मी साताऱ्याच्या माण तालुक्यातला. गावच्या जत्रेला बोकड पडला की वजडी धुवायला मला बसवायचे. गरम पाणी, चुना आणि आजोबांची नजर. त्यामुळे काळीज कुठे असतं, पानथरी (प्लीहा) कशाला चिकटलेली असते, आतडी कुठून कुठे जातात, हे मला शाळेच्या पुस्तकाआधी हाताने कळलं. पुढे नोकरीसाठी अमेरिकेत विस्कॉन्सिनला आलो, मॅडिसनजवळ राहिलो आणि एका म्हाताऱ्या गवळी शेजाऱ्याने मला शिकारीला नेलं. गोठा सांभाळून हात राठ झालेला माणूस. त्याने शिकवलं आणि आजोबांनी शिकवलं ते दोन्ही जोडून मी हे लिहितोय, कारण आपली बरीच मुलं आता इकडे लायसन्स काढतात, हरीण पाडतात आणि मग त्याचं पोट साफ करायला सुरी हातात घेऊन नुसती उभी राहतात.

एक गोष्ट आधी. हे सगळं अमेरिकेतलं, परवान्याचं आणि हंगामाचं काम आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ, सांबर, काळवीट मारणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं शेतं आणि रस्ते भरून टाकतील इतकी आहेत, म्हणून सरकार दरवर्षी शिकारीचे परवाने देतं. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा अभ्यासवर्ग पुरा करावा लागतो. तो टाळायची वाट शोधू नका.

पोट साफ करण्याचं अर्धं काम गोळी झाडतानाच ठरतं. हरीण आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात गोळी बसली तर हृदयाचा ठोका आणि श्वास एकदमच थांबतात, जनावराला यातना कमी होतात आणि मागचं पोट शाबूत राहतं. गोळी मागे पोटात गेली तर जनावर तासन् तास तडफडतं आणि तुम्हाला आत हिरव्या लगद्याचा राडा सापडतो. खात्री नसेल तर घोडा दाबू नका. शेजारी एवढ्या एका बाबतीत फार कडक होता.

गोळी लागल्यावर अर्धा तास बसून राहा. मग मागच्या बाजूने जवळ जा आणि काठीच्या टोकाने डोळ्याला हलकेच शिवा. पापणी हलली नाही तर प्राण गेला. आता रायफल रिकामी करा आणि लांब झाडाला टेकवून ठेवा. हे सगळ्यात आधी, सुरीला हात लावण्याआधी.

सामान थोडंच लागतं: चार बोटं लांब पात्याची धारदार सुरी, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, हातभर सुतळी, पाण्याच्या दोन बाटल्या, एक जाड प्लास्टिकची पिशवी. मोठा सुरा आणू नका. पातं जितकं लांब, तितकं ते आत नको तिथे पोचतं. आणि गळा चिरायची गरज नाही. बोकडाचं रक्त आपण गळ्यातून काढतो, हरणाचं ते छातीतच सांडलेलं असतं. मागच्या पायांच्या सांध्याला आतून काळपट, उग्र वासाच्या केसांचा पुंजका असतो, ती गंधग्रंथी. तिला शिवूच नका, आणि शिवलात तर त्या हाताने मांस धरू नका.

हरीण पाठीवर करा, डोकं चढाच्या बाजूला. आधी मागून सुरुवात. गुदद्वाराभोवती सुरीचं टोक गोल फिरवून दोन इंच आतपर्यंत नळी मोकळी करा, बाहेर ओढा, सुतळीने घट्ट बांधा. ही गाठ मारली नाही तर पुढे लेंड्या मांडीच्या मांसात सांडतात.

आता पोट. माझ्या पहिल्या हरणाला मी इथेच चुकलो आणि ती चूक बोकडाच्या सवयीने झाली. आपल्याकडे बोकड उलटा टांगतात, आधी सोलतात आणि बहुतेक वेळा त्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेलं असतं. हरीण तसं नसतं. ते गोळी लागेपर्यंत मक्यात चरत होतं. डाव्या अंगाला त्याचं कोटीपोट, म्हणजे चारा साठवणारं मोठं पहिलं पोट, कातडीला आतून टेकून, पखालीसारखं तट्ट फुगलेलं असतं. मी सुरी वरून टेकवली, एकदाच, आणि फस्स करून हवा सुटली. पाठोपाठ हिरवट पिवळा लगदा आत पसरला. कण्याच्या आतून चिकटलेल्या दोन लांब, मऊ पट्ट्या असतात, इकडे त्यांना टेंडरलॉइन म्हणतात, सगळ्या जनावरातलं सगळ्यात कोवळं मांस. त्या दोन्ही मला टाकाव्या लागल्या. जीव घेतलेल्या जनावराचं चांगलं मांस आपल्या हाताने नासवणं ही गोष्ट अजून मनातून गेलेली नाही.

म्हणून असं करा. छातीचं मधलं हाड जिथे संपतं तिथे बोटांना मऊ खळगा लागतो. तिथली कातडी चिमटीत धरून वर उचला आणि छोटी चीर द्या. पहिला थर कातडीचा, दुसरा पातळ मांसाचा, तिसरा पारदर्शक पडद्याचा. तिसरा कापला की उबदार वाफ येते. आता डाव्या हाताची दोन बोटं आत घालून इंग्रजी व्ही करा, बोटांनी पोट खाली दाबा आणि दोन बोटांच्या मधून सुरी चालवा, धार आकाशाकडे. बोटं पुढे, सुरी मागे. अशीच मांड्यांच्या सांध्यापर्यंत या. तरीही पोट फुटलंच, तर घाबरून थांबू नका. सगळं लगेच बाहेर काढा, आतून पाण्याने धुवा, पुसून कोरडं करा आणि जिथे लगदा लागला ते मांस कापून टाका.

पोट उघडल्यावर छाती अजून बंदच असते. मध्ये एक पडदा ताणून बसवलेला दिसतो, ढोलकीच्या पुडीसारखा. श्वास त्याच्यावर चालतो. तो बरगड्यांच्या कडेकडेने कापा. आता रक्त वाहील, वाहू द्या. बाह्या वर करून छातीत हात घाला. हृदय आणि फुफ्फुसांच्या वर हाताला कड्या-कड्यांची टणक नळी लागते, ती श्वासनळी. तिला चिकटून मऊ नळी, ती अन्ननलिका. दोन्ही डाव्या मुठीत धरा आणि मुठीच्या वर कापा. इथे डोळ्यांना दिसत नाही, सुरी आपल्याच बोटांवर येऊ शकते, म्हणून हळू. फार वर जबड्याकडे जाऊ नका, तिथल्या गाठी रोगाच्या तपासणीला लागतात, ते शेवटी सांगतो. मग मूठ न सोडता खाली ओढा. पाठीच्या बाजूला जिथे अडेल तिथे सुरीचं टोक लावा. मूत्राची पिशवी फुग्यासारखी दिसते, तिचं तोंड चिमटीत दाबून अलगद काढा. बघता बघता सगळं आतडं-पोट एका ढिगात गवतावर येतं.

आता घाई नको. खाली बसा आणि बघा. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

फुफ्फुसं गुलाबी, स्पंजासारखी हलकी हवीत. छातीच्या आतल्या बाजूला किंवा फुफ्फुसांवर वाटाण्याएवढ्या पिवळट गाठी दिसल्या तर ते मांस घरी नेऊ नका, वनखात्याला कळवा. मिशिगनच्या ईशान्य भागातल्या हरणांमध्ये गुरांचा क्षय आढळतो, त्याची ही खूण. हृदय पातळ पिशवीत असतं. पिशवी फाडा, हृदय उभं चिरा, आतल्या रक्ताच्या गुठळ्या धुवा आणि ठेवा.

मग काळीज. पहिल्यांदा मी ते हातात घेतलं आणि सवयीने पित्ताची पिशवी शोधू लागलो. बोकडाचं काळीज काढताना आजोबा सगळ्यांना गप्प बसवायचे, कारण ती हिरवी पिशवी फुटली की काळीज कडू झालं. मी हरणाचं काळीज उलटलं, सुलटलं, कडा चाचपल्या. वाटलं, माझ्याच हातून आत फुटली. शेजाऱ्याने सांगितलं, हरणाला ती नसतेच. पित्त तयार होतं, पण साठवायला पिशवी नाही, थेट आतड्यात जातं. नुसतं गुळगुळीत, गडद, जड काळीज.

ते बोटाच्या जाडीच्या चकत्या करून तपासा. आत पानासारखा चपटा, करडा, अंगठ्याहून मोठा किडा निघाला तर तो काळजातला पर्णकृमी. इथल्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या प्रदेशात तो बराच सापडतो. माणसाला त्याची बाधा होत नाही आणि बाकीचं मांस चांगलं असतं, पण तसं काळीज मी खात नाही. विस्कॉन्सिनमधल्या मॅरिनेट आणि पेश्टिगो या गावांच्या आसपास तर २०२० पासून सरकारनेच हरणाचं काळीज खाऊ नका म्हणून सांगितलंय. तिथे आग विझवायच्या फेसातली रसायनं पाण्यात उतरली आहेत.

कोटीपोटाला बाहेरून चिकटलेली चपटी, जांभळी पट्टी म्हणजे पानथरी. ती सोडून द्या, कारण पुढे येतंच. कोटीपोटाला मात्र ढिगापासून दूर नेऊन मी नेहमी एक चीर देतो. मक्याचे दाणे, ओकची फळं, चावलेल्या डहाळ्या. कुठे चरत होतं ते सगळं त्यात असतं. धुतल्यावर आतून तीच आपली लव असलेली वजडी, पुढे जाळी, मग पानापानांची पुस्तकासारखी पिशवी, मग चौथं पोट. बोकडाची आणि याची रचना एकच, दोघंही रवंथ करणारी. वजडी मात्र मी रानातून आणत नाही. चुन्यात धुण्याइतकं पाणी तिथे नसतं.

आतून रिकामं झालं की हरीण पालथं करून रक्त निथळू द्या, मग बरगड्यांमध्ये काठी अडकवून पोकळी उघडी ठेवा. मांस लवकर ४ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं पाहिजे. नोव्हेंबरच्या थंडीत ते आपोआप होतं, ऊन असेल तर पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरा. शिशाची गोळी फुटून तिचे कण दूरवर जातात, म्हणून जखमेभोवतीचं वीतभर मांस सरळ टाका. मी आता तांब्याच्याच गोळ्या वापरतो. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५च्या आत शिकारीची नोंद करायला विसरू नका.

आता पानथरी का सोडायची ते. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली हरणांमध्ये एक रोग सापडला, सी.डब्ल्यू.डी., म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. मेंदूला भोकं पाडणारा, प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाचा. हे प्रथिन शिजवून नष्ट होत नाही. ते मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, डोळे, पानथरी आणि लसीका गाठींत साचतं. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर दिसलेलं नाही, पण रोगट हरीण खाऊ नका असाच सरकारी सल्ला आहे. म्हणून मी कणा फोडत नाही, हाडांपासून मांस सोडवून घेतो. मुंडी मानेच्या चार-पाच इंचांसकट पिशवीत घालून वनखात्याच्या पेटीत टाकतो. तपासणी फुकट होते. सुरी घासून स्वच्छ केल्यावर दोन भाग ब्लीच आणि तीन भाग पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवतो.

निकाल यायला दोन आठवडेही लागतात. जत्रेत काळीज सगळ्यात आधी चुलीवर जायचं, बोकड सोलून व्हायच्या आत, मीठ-हळद लावून, आणि पहिला तुकडा वजडी धुणाऱ्या पोराला. इथे ते काळीज फ्रीझरमध्ये असतं, पिशवीवर तपासणीचा नंबर आणि तारीख. गेल्या हंगामाचा निकाल मंगळवारी आला, रोग नाही. बायकोने त्याच संध्याकाळी घरच्या कांदा-लसूण मसाल्यात परतलं आणि पहिला तुकडा मुलीला दिला. हातमोजे घालून पिशवी धरून उभी होती ती, माझ्या शेजारी, रानात.