धंद्यात पैसे घालण्याआधी मार्केट रिसर्च कसा करायचा (आमच्या आगळाच्या बाटल्यांवरून)

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरामागे भिरंडाची, म्हणजे कोकमाची, तीन झाडं आहेत, एप्रिल-मेमध्ये फळांचा नुसता सडा पडतो, तर एका वर्षी बायको म्हणाली आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) करून विकूया. मी शहाणा, म्हटलं आधी सर्वे करू. शेजारी, ऑफिसवाले, भजनी मंडळ धरून पन्नासेक जणांना विचारलं, "घरगुती आगळ मिळालं तर घ्याल का?" सगळे म्हणाले हो तर, घेऊ की! शंभर बाटल्या भरल्या आणि चतुर्थी आली तरी अर्ध्याहून जास्त घरातच. लोक बिचारे माझं मन राखत होते. त्यानंतर जरा वाचलं, चार लोकांना विचारलं आणि परत नीट केलं, ते कसं ते लिहितोय. धंदा आगळाचाच हवा असं नाही, टिफिन, शिवणकाम, होमस्टे, कशालाही चालेल.

सगळ्यात आधी कागदावर एक वाक्य लिहा, की या रिसर्चनंतर मी काय ठरवणार आहे. "मार्केट कसं आहे ते बघायचंय" असलं मोघम नको. आमचं वाक्य होतं: पुढच्या मेमध्ये 300 बाटल्या भरायच्या की 50, आणि त्या गावातल्या दुकानांत द्यायच्या की पर्यटकांना विकायच्या. त्याच्याच खाली किती आलं तर हो आणि किती आलं तर नाही हेही तेव्हाच लिहून ठेवा, नंतर माणूस आकडे आपल्याला हवे तसेच वाचतो. मी वाचले होते.

मग फुकटात मिळतं ते गोळा करा. जनगणनेचे आकडे ऑनलाइन आहेत, 2011 मध्ये गोव्याची लोकसंख्या 14,58,545 होती आणि त्यातले साधारण 62 टक्के शहरी भागात, म्हणजे झाड नसलेले, फ्लॅटमध्ये राहणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. पण आकडा जुना आहे हे विसरू नका, त्यानंतर पर्वरीत किती बिल्डिंगी झाल्या बघा, आणि मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 ला सुरू झाल्यापासून पेडण्याकडचं चित्रच बदललं. गूगल ट्रेंड्सवर कुठल्या महिन्यात लोक काय शोधतात तेही दिसतं.

पण मला खरा उपयोग झाला तो दुकानं फिरण्याचा. प्रत्येक दुकानात तुमच्यासारखा माल कोणत्या फळीवर आहे, किती ग्रॅमचा, किती रुपयांना, पॅकिंगची तारीख काय हे वहीत लिहा. बाटलीवर धूळ असेल तर बोट फिरवून बघा, त्या धुळीत पुष्कळ माहिती असते. दुकानदाराला विचारलं "महिन्याला किती जातात?" तर तो वाढवून सांगेल, त्यापेक्षा "मागची ऑर्डर कधी दिली होती?" विचारा.

आता माणसांशी बोलायचं, आणि सगळी गंमत इथेच आहे. आधी आठ-दहा जणांशी निवांत बोला, फॉर्म वगैरे काही नको, आणि ओळखीचे तर अजिबात नकोत. "घ्याल का" हा प्रश्नच विचारू नका. मागे काय झालं ते विचारा: शेवटचं आगळ घरात कधी आलं, कुठून आलं, किती पैसे दिले, संपल्यावर काय केलं? आम्ही असं विचारलं तेव्हा समजलं की आमच्या आसपास बहुतेकांना आगळ मावशीकडून नाहीतर सासरवाडीहून फुकट येतं! कसले विकत घेतायत ते. आणि आपल्याकडे कोणी "मागीर पळोवया" (नंतर बघू) म्हणाला की वहीत सरळ "नाही" लिहायचं, तोंडावर नाही म्हणायची आपल्याला सवयच नाही.

या गप्पांतून जे हाती लागेल त्यावरून सात-आठ प्रश्नांचा फॉर्म करा, मराठी-कोंकणी दोन्हीत. फोन नंबर घेतलात तर कशाला घेताय ते सांगून घ्या. साधारण 100 जणांची उत्तरं असतील तर आकडा 10 टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, 5 टक्क्यांवर आणायचा तर 385 च्या आसपास लागतात, पण हे गणित माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कसलीही आवडनिवड न करता निवडली असतील तरच. फॉर्म फॅमिली ग्रुपवर टाकून हजार उत्तरं आली तरी ती एकाच गोतावळ्याची. अमेरिकेत 1936 ला लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने 1 कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, तरी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा अंदाज साफ चुकला, कारण पत्ते टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या यादीतून घेतलेले. त्यांच्या अंदाजात हरणारे रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले.

आणि आपल्याकडे सीझन बघून विचारा हो! मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी चालू असते, तेव्हा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभं राहिलात तर अख्खा गोवा आगळ आणि सोलं (आमसुलं) घेतोय असं वाटेल. तोच प्रश्न ऑगस्टमध्ये आणि परत डिसेंबरमध्ये विचारा, उत्तरं वेगळी येतील.

किमतीसाठी वान वेस्टेनडॉर्प नावाच्या डच माणसाची 1976 ची पद्धत आहे, चारच प्रश्न: किती रुपयांना स्वस्त आणि चांगलं वाटेल, किती कमी असेल तर मालाचीच शंका येईल, किती झालं की महाग वाटेल पण तरी घ्याल, आणि किती झालं की नकोच. आम्ही उत्तरं वहीतच मांडली, तेवढं पुरलं.

शेवटी थोडा माल खरंच विकून बघा. आम्ही 20 बाटल्या घेऊन बाजारात बसलो, अर्ध्यांवर "आगळ" आणि अर्ध्यांवर "सोलकढीसाठी कोकम" असं लेबल. दिल्लीच्या एका बाईने आगळ सरबत समजून नुसतं पाण्यात घातलं, मिठाने तोंड वाकडं झालं तिचं, तेव्हापासून बाटलीवर सोलकढीची कृती छापतो. कोण थांबतं, बाटली हातात घेऊन परत का ठेवतं हे बघायला घरच्या माणसाला बाजूला उभं करा, तुम्ही विकण्यात गुंतलेले असता.

मग तो पहिला कागद काढायचा आणि त्यावर लिहिल्याप्रमाणेच करायचं. आमच्या कागदावर होतं, 20 पैकी 12 गेल्या तर 300. गेल्या 14, पण त्यातल्या 11 पर्यटकांनी घेतल्या आणि बहुतेक दुसऱ्या लेबलच्या. गावातल्या दुकानांचा विचार सोडला, बाटली 200 मिलीची केली, विमानात बॅगेत मावेल अशी.